रखवालदाराची लाकडं

"ते गाडीत नगं. हिकडं, बाजूला ठेव," चाकाला टेकून बसलेला केरबा म्हणाला.

कृष्णातच्या खांद्यावर ऐनाचा वाळका ओंडका होता, मांडीएवढा जाड. बापानं बोट दाखवलं तिथं गवतावर त्यानं तो टाकला. तिथं तसे आणखी काही ओंडके जमले होते. सगळे ऐनाचे, सगळे सरळ, एकालाही वाळवी नाही.

केरबाची बायको बायडाबाई करवंदीच्या जाळीतून काटक्या ओढत होती आणि तिची सून हौसा त्यांच्या मोळ्या बांधत होती. दिवाळी झाली की घरातल्या सगळ्यांनी मिळून डोंगरात यायचं आणि हिवाळ्याचं जळण गोळा करून न्यायचं, हा केरबाच्या घरचा शिरस्ता. यंदा आबांनी घरी थांबावं, असं कृष्णात म्हणाला होता. छातीच्या दुखण्यानं केरबा उन्हाळ्यापासून झिजत चालला होता. उंबरा ओलांडला तरी धाप लागायची. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी औषध दिलं होतं, पण बरं होईल असं काही म्हटलं नव्हतं. तरी बैल जुंपायच्या आधीच केरबा गाडीत जाऊन बसला होता.

मध्येच कृष्णातनं एका वाकलेल्या फांदीला हात घातला.

"वल्ली हाय ती," केरबा बसल्या जागेवरून म्हणाला. "सोड."

कृष्णातनं सोडली.

केरबाचा उभा जन्म संस्थानच्या जंगलखात्यात रखवालदारीत गेला. संस्थान विलीन झालं आणि थोड्याच दिवसांत त्याचा बिल्ला आणि पट्टा सरकारजमा झाला. गावातल्या बहुतेक घरच्या बाईची मोळी त्यानं कधी ना कधी उतरवली होती. वाळकं असेल तर जा. ओलं निघालं तर मोळी ठेव, कोयता ठेव आणि दंड भर. बायडाबाई लग्न होऊन आली त्या वर्षी तिच्या मोळीतही एक ओली फांदी निघाली. त्यानं ती मोळी चारचौघींसमोर जप्तीच्या ढिगावर टाकली आणि त्या दिवशी घरात शेजाऱ्यांकडून आणलेली भाकरी खाल्ली गेली. ही गोष्ट गावाला ठाऊक होती. पण त्यामुळं गावाचा राग काही कमी झाला नव्हता.

उन्हं उतरू लागली तशी चिमणाबाई डोक्यावर मोळी घेऊन वरून आली. एकटी राहणारी विधवा बाई. नवरा तापानं अंथरुणावर असताना केरबानं तिची मोळी आणि कोयता नेला होता. ती गाडीपाशी थांबली.

"काय रखवालदार, पास हाय न्हवं?"

"वाळकं हाय सगळं. बघ की."

"म्या कशाला बघू? लोकांच्या मोळ्या बघायचा धंदा तुमचा."

हौसानं तोंडाला पदर लावला. केरबा चिमणाबाईच्या पाठीकडं ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. मग त्यानं कृष्णातला आणखी दोन ओंडके शोधून आणायला सांगितले.

घरी आल्यावर ऐनाची लाकडं त्यानं घरामागच्या परड्यातल्या छपराखाली वेगळी रचून घेतली. कृष्णात ती फोडायला कुऱ्हाड घेऊन आला, तर केरबानं फोडू दिली नाहीत. लांबच राहू देत म्हणाला. कृष्णातला काही कळलं नाही. बायडाबाई मात्र त्या रचाईकडं बघत उभी राहिली. चुलीच्या जळणाला कुणी अशी लांबी धरत नाही.

गावात माणूस गेलं की घरटी एखादं लाकूड नाहीतर चार शेणी, गोवऱ्या, मसणवट्यात पोचायच्या. कुणाला सांगावं लागत नसे. केरबाच्या बापाला, आईला त्या पोचल्या होत्या. आपल्याला पोचणार नाहीत, असा हिशेब केरबानं मनाशी करून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो झोपेत असताना बायडाबाईनं त्या रचाईतला एक ओंडका मागच्या बाजूनं ओढला, फोडला, आणि दोन ढलप्यांवर केरबाच्या अंघोळीचा हंडा तापवला. ऐनाचा जाळ कडक. पाणी लवकर तापलं. त्याच्या पाठीवर तांब्या ओतताना तिला दिसलं, की थोडा वेळ तरी खोकला थांबला होता.

मग ती रोजच तसं करू लागली; एक ओंडका आठवडाभर पुरायचा. लाकूड नेहमी मागच्या ओळीतलं घ्यायची. समोरून बघणाऱ्याला रचाई होती तशी दिसे. हौसाला ठाऊक होतं. ती कुणाला बोलली नाही.

संक्रांतीच्या सुमाराला केरबा एकदा काठी टेकत परड्यात आला. पुढच्या ओंडक्याला त्यानं काठीचं टोक लावलं. ओंडका आत सरकला आणि मागं धपकन पडला. बायडाबाई भांडी घासत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"मागनं पोकळ हाय," केरबा म्हणाला.

"व्हय."

"कुनी न्हेली?"

"कुनी न्हाय. तुमच्या अंघुळीला गेली."

तो तिथंच दगडावर बसला. त्यानं आधी धाप जिरू दिली.

"गाव यायचं न्हाय, अगं. तुला ठावं न्हाय? चिमणी काय म्हनाली ऐकलं न्हाईस?"

"ऐकलं."

"मग किस्नात कुठं फिरंल लाकडं मागत? कुनाच्या दारात हुभा ऱ्हाईल?"

"ते त्येचं तो बघंल. म्या तुमास्नी जित्तेपनी गारठ्यात ठेवू व्हय, मागनं जाळायला लाकूड पायजे म्हनून?"

केरबा उठून आत गेला. बायडाबाईला वाटलं, उद्यापासून हा पाण्याला हात लावणार नाही. पण सकाळी ती उठण्याआधीच अंथरुणातून त्याचा आवाज आला, "पानी ठेव." आणि त्यानंतर तो रोज तसं म्हणू लागला.

माघ संपत आला होता त्या दिवशी पहाटे तो बोलला नाही.

उजाडेपर्यंत अंगणात माणसं जमली. कृष्णातला धरून बसायला भावकीतले दोघं आले. बाकीचे पुरुष कुडाला टेकून उभे राहिले; हळू आवाजात उसाचं, विहिरीच्या पाण्याचं बोलत होते. सगळे मोकळ्या हातांनी आले होते. कुणाला तरी पहिल्यांदा घरी जाऊन लाकूड आणावं लागणार होतं, आणि तो कोण, हे प्रत्येकजण दुसऱ्याकडं बघून ठरवत होता.

बायडाबाईनं अंगणात तीन दगड मांडले, हंडा चढवला आणि परड्यात गेली. छपराखाली ऐनाचा एकच ओंडका उरला होता. ती तो ओढत आणू लागली तसा कृष्णात उठून आडवा आला.

"आई, ऱ्हाऊ दे त्यो. कुनी काय आनलेलं न्हाय अजून."

"बाजूला व्हो."

"अगं, आबांनी—"

"त्येंला गार पानी नगं," ती म्हणाली.

ओंडका तिनं तसाच अख्खा दगडांमध्ये सारला. काटक्या पेटल्या, मग तो पेटला. सगळे बघत होते. कृष्णात खाली मान घालून बसला.

तेवढ्यात पुरुषांची रांग एका बाजूला फाकली. चिमणाबाई आली होती. डोक्यावर मोळी. तिनं ती अंगणाच्या मधोमध टाकली. वाळक्या फाट्यांमध्ये ऐनाची एक हिरवी फांदी होती, पानांसकट, आताच तोडलेली.

ती सोप्यात निजवलेल्या केरबाकडं तोंड करून उभी राहिली.

"वल्लं हाय त्यात, रखवालदार," ती म्हणाली. "धरा की."

चिमणाबाई थोडा वेळ वाट बघत असल्यासारखी उभी राहिली. मग ती खाली बसली, पदर तोंडात कोंबून.

कुडाजवळचा एक म्हातारा लाकूड आणायला घराकडं निघाला. त्याच्यामागून आणखी दोघं. काही तिथंच उभे राहिले, ते शेवटपर्यंत तसेच राहिले.

बायडाबाई मोळीपाशी आली. गाठ सोडून तिनं ती हिरवी फांदी अलगद बाहेर काढली, परड्यात नेली आणि रिकाम्या छपराखाली कुडाला लावून उभी केली. उरलेली वाळकी मोळी परत बांधून तिनं मसणवट्यात न्यायला कृष्णातच्या हातात दिली.

मग ती हंड्याजवळ आली आणि पाण्यात बोटं बुडवून पाहिली. पाणी तापलं होतं.