खात्याचा मालक

नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून शिवणकाम करणारी ती मुलीला घेऊन दूरच्या शहरात आली होती. पत्ता फक्त तिच्या आईला ठाऊक होता. एका दुपारी मुलीच्या टॅबवर नवऱ्याचा मेसेज आला, "निळे पडदे छान दिसतायत." या नव्या घरातले ते पडदे तिने इथे आल्यावरच शिवले होते; तिने टॅब तपासला. मुलीने काढलेले फोटो, कुठे काढले त्या ठिकाणासकट, अजूनही त्याच्याच खात्यात जात होते.

तिने ते खातं चालवणाऱ्या कंपनीला फोन लावला. "ते फोटो पुसा हो, तो इथे येईल."

"मॅडम, त्यासाठी खात्याच्या मालकाची परवानगी लागेल."

"मालक तोच आहे."

"मग त्यांनाच विनंती करा."

तिने शिलाई मशीन तिथेच सोडलं आणि मुलीला भर वर्गातून उठवून आणलं.

"आई, आता कुठे जायचं?" मुलीने विचारलं.