कंबर चौतीस

नारायण पेठेत मी तेहतीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले. दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली: एक मशीन, एक कपाट आणि मापांच्या वह्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. तारीख, छाती, कंबर, बाही, गळा. पहिली वही १९७५ सालची आहे, अजून आहे.

या धंद्यात एक गोष्ट कोणी शिकवत नाही, आपोआप अंगवळणी पडते. बाई येते आणि म्हणते, "काकू, हा ब्लाउज आटला हो." कापड आटलेलं नसतं. आपण म्हणायचं, "हल्लीची कापडं आटतातच." मग शिवणीच्या आत सोडलेली माया उसवायची, अर्धा इंच बाहेर काढायचा आणि वहीत नवा आकडा लिहायचा. आकडा बाईला सांगायचा नाही. विचारणाऱ्याही फार थोड्या असतात.

हेच मी माझ्या मुलाच्या बाबतीत केलं, आणि ते माझ्या मुलीच्या जिवावर बेतत होतं.

शुभंकर थोरला, उत्कर्षा त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी. त्यांचे वडील १९९१ मध्ये गेले. पुरुषांचे कपडे मी फक्त घरापुरते शिवायची, म्हणजे शुभंकरचे. कॉम्प्युटरचं शिकून १९९८ मध्ये तो नोकरीला लागला. पुढे हिंजवडीला मोठ्या कंपनीत गेला, वारज्याला फ्लॅट घेतला, लग्न झालं, तरी पँट माझ्याच हातची. जीन्स त्याला टोचायची. टीशर्ट कंपनीचे फुकट यायचे; ते मोठेच असतात, असं तो म्हणायचा. दिवाळीच्या आधी त्याचा फोन यायचा, "आई, चार पँटी शिव. माप तेच." मी ओझरतं बघून, कधी त्याची जुनी पँट पसरून, नवा आकडा ठरवायची. घरी शिवलेल्या पँटला आत नंबराची चिठ्ठी नसते. मधल्या काळात घट्ट झाली तर दीपमाला, माझी सून, पिशवीत घालून आणून द्यायची. मी मागची शिवण सोडायची, बाजूला आतून इलॅस्टिक घालायची. त्याला काही कळायचं नाही.

२००८ च्या मे महिन्यात उत्कर्षाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. जावयांचा रक्तगट जुळेना. माझा जुळला, पण माझं ब्लडप्रेशर पाहून डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली. शुभंकरचा जुळला. तो एका शब्दानंही मागेपुढे न पाहता म्हणाला, "माझी घ्या."

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघं हॉस्पिटलात होतो. नर्स फॉर्म भरत होती.

"कंबर?"

"चौतीस," शुभंकर म्हणाला.

नर्सनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि टेप काढली. "सर, चव्वेचाळीस."

"शक्यच नाही. पोट थोडं सुटलंय, पण माझ्या पँटी चौतीसच्या आहेत. आईच शिवते. आई, सांग ना."

मी पर्स उघडून रुमाल शोधत राहिले. उत्कर्षा बाकावर बसून माझ्याकडे बघत होती. तिला लहानपणापासून माझा धंदा ठाऊक.

"आई," ती म्हणाली, "तुझं कापड आटलं वाटतं."

वजन एकशे चार भरलं. साखर जेमतेम रेषेच्या आत. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट खाली ठेवले. "मी तुमची किडनी घेणार नाही. आज काढली आणि दहा वर्षांनी तुमची उरलेली बिघडली, तर तुमच्यासाठी कोणाला शोधायचं? पंच्याऐंशीच्या आत या, साखर उतरवा, मग बघू."

"आणि तोपर्यंत ही?"

"डायलिसिसवर. किती दिवस निभेल ते मी सांगू शकत नाही." मग त्यांनी विचारलं, "वजन वाढायला लागलं केव्हापासून?"

मी म्हटलं, "माझ्याकडे लिहिलेलं आहे."

त्याच संध्याकाळी वारज्याच्या फ्लॅटवर मी वही घेऊन गेले. शुभंकरचं पान काढलं आणि वाचत गेले. जून १९९८, तीस. तेव्हा तो सायकलनं डेक्कनला ऑफिसात जायचा आणि दुपारी जेवायला घरी यायचा. २००० च्या दिवाळीत साडेएकतीस. मोटारसायकल आली होती. २००२, चौतीस. त्यानं विचारलेलं ते शेवटचं माप. २००३ मध्ये वारजे, दारातून कंपनीची बस, इकडे लिफ्ट तिकडे लिफ्ट. सदतीस. मग अमेरिकेच्या वेळेप्रमाणे काम सुरू झालं, रात्रीचं जेवण कंपनीत आणि घरी आल्यावर पुन्हा. एकेचाळीस.

"तुला माहीत होतं," शुभंकर म्हणाला. "दर वर्षी तू लिहीत होतीस."

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता बरं वाटतंय का?"

उत्कर्षा कोचावर आडवी होती. ती म्हणाली, "दादा, तिला कशाला बोलतोस? तुझ्या घरात आरसा नाही का? बाकी आई, तू टेलर कसली, वकील आहेस. पुरावा असा नाहीसा करतेस की आरोपीलाही पत्ता लागू नये."

दीपमालाला हसू आलं, पण शुभंकर हसला नाही. त्यानं मला रिक्षात बसवताना एवढंच सांगितलं, "पँटी आता ढिल्या झाल्या तरी आत घ्यायच्या नाहीत. हात लावायचा नाही."

घरी येऊन मी बाकीच्या वह्या काढल्या. इतकी वर्षं मी एकेक पान पाहत आले होते, सलग कधी चाळली नव्हती. पंचाहत्तर सालच्या बायकांच्या कंबरा सव्वीस, अठ्ठावीस, दोन मुलं झालेली असली तरी. त्यांच्याच लेकीसुनांच्या नव्वदनंतरच्या छत्तीस, अडतीस. आम्ही काही कमी खादाड होतो असं नाही. श्रीखंड आम्हालाही आवडायचं. पण ते वर्षातून दोनदा व्हायचं आणि चक्का आपल्याच हातानं पुरणयंत्रातून काढावा लागायचा. तेल रेशनवर. पाणी खालच्या नळावरून, कपडे हातानं, भाजीला मंडईपर्यंत पायी. कोणी व्यायाम म्हणून काही करत नव्हतं, तसा शब्दही घरात नव्हता. मग एकेक यंत्र आलं, आणि प्रत्येक वेळी आम्ही सुटलो म्हणालो. सुटलोच होतो. मला मिक्सर परत देऊन पाटावरवंटा हवा आहे असं मी मुळीच म्हणणार नाही.

माझा स्वतःचा वाटाही होता. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी मी खाल्ल्या आहेत. त्या घशाखाली उतरायच्या नाहीत. शुभंकर त्याच्या पुढच्या वर्षीचा. पोर हाडकुळं झालं म्हणून सासूबाई मला बोलायच्या. तेव्हापासून माझ्या हिशेबी मूल भरलं म्हणजे आईनं नीट केलं. तो बसून बसून दमून यायचा, मी दर शनिवारी डिंकाचे, बेसनाचे लाडू डबा भरून पाठवायची. दमला म्हणजे खाल्लं पाहिजे, हे मला अंग मोडून काम करणाऱ्या माणसांनी शिकवलं होतं. खुर्चीत दमणाऱ्याचं गणित वेगळं असतं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

डबा बंद केला.

शुभंकरनं चालायचं ठरवलं, तर चालायला जागा नव्हती. हायवेला फूटपाथ नाही, आतल्या रस्त्यांवर गाड्या लावलेल्या. पहिले आठ दिवस तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होता. गेटाशी कोंडीराम खुर्ची टाकून बसायचे. सोसायटी उभी आहे ती त्यांच्याच शेतावर. बदल्यात त्यांना तिथेच तीन फ्लॅट मिळालेले.

"साहेब, काय हरवलंय?" त्यांनी विचारलं.

"वजन हरवायचंय, मामा."

"मग ते हितं कशाला सापडंल? टेकडीवर चला. गुरं न्यायची वाट हाय, दोन कंपौंडांच्या मधनं. आजून बुजवलेली न्हाई." आणि मग स्वतःच्या पोटावर हात ठेवून म्हणाले, "मी बी येतो. वावर इकल्यापासनं नुसता बसून हाय. पंधरा वरसात चढ बघितला न्हाई. डाक्टर म्हणतो चाला. म्हटलं, कुठं चालू, माझ्या शेतात तुमी ऱ्हाताय."

पहिल्या दिवशी दोघंही निम्म्यातून परत आले. पण दोघं असल्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. दिवाळीपर्यंत शुभंकर त्र्याण्णव किलोवर आला. पँट पट्ट्यानं गोळा करून घालायचा. समोर एवढ्या चुण्या पडायच्या की ऑफिसात त्याला धोतर म्हणायला लागले. ती पँट बघून माझे हात शिवशिवायचे. मी हात लावला नाही.

दिवाळीनंतर काटा थांबला. त्याच सुमारास उत्कर्षाच्या छातीत पाणी झालं आणि चार दिवस ती आयसीयूत होती. तिला बघून शुभंकर माझ्याकडे आला. मे महिन्यानंतर दुकानात पाऊल टाकायची त्याची पहिलीच वेळ. मशीनसमोर उभा राहिला.

"माप घे."

मी टेप लावली. दिवाळीला मी वारज्याला गेले होते तेव्हा त्याच्या पँटच्या चुण्या मोजून मी मनाशी चाळीस धरलं होतं. आताही चाळीसच. माझ्या जिभेवर एकोणचाळीस आलं होतं. इतक्या वर्षांची सवय. समोर माणूस खचलेला दिसला की अर्धा-एक इंच आपण आपल्याकडून गाळायचा.

"किती?"

"चाळीस. दिवाळीलाही चाळीसच होती."

तो गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला. "एकोणचाळीस म्हणाली असतीस तर बरं वाटलं असतं."

"वाटलं असतं."

मग म्हणाला, "मी सकाळी दीड तास चढतो, आई. आणि मग चौदा तास बसतो. दुपारी कोणाचा तरी केक. आठला अमेरिकेचा फोन, तेव्हा कंपनी पिझ्झा मागवते. बारीक भुकेला मशीनचा चहा, त्यात साखर आधीच घातलेली. मी हावरट नाही गं. तिथे सगळं समोरच येतं, आणि उठायचं काही कारणच नसतं."

"मग तिथून ऊठ."

"म्हणजे नोकरी सोडू?"

"मला तुझ्यातलं काही कळत नाही. दिवसाचं काम नसतं का तुमच्यात?"

असतं, तो म्हणाला. दुसऱ्या एका टीममध्ये होतं, इथल्याच बँकेचं काम, साडेनऊ ते सहा. पण त्याच्या टीममधून पुढच्या जूनमध्ये दोन वर्षांसाठी अमेरिकेला जायची त्याची पाळी होती, ती गेली असती. सात वर्षं तो त्या पाळीची वाट पाहत होता. दीपमालानं मुलाच्या शाळेचीसुद्धा तिकडची चौकशी करून ठेवली होती.

सोमवारी त्यानं बदली मागितली. साहेबांनी विचारलं, प्रॉब्लेम काय आहे? हा म्हणाला, वजन. साहेब हसले, त्यांचंही शंभरावर असेल. मग यानं बहिणीचं सांगितलं, तेव्हा हसायचे थांबले. बदली महिन्याभरात झाली. दीपमाला दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली. तिसऱ्या दिवशी तिनंच डबा करायला घेतला: दोन भाकरी, पालेभाजी, मूग. शुभंकर तो डबा जिना उतरून, बाहेर झाडाखाली जाऊन खायचा आणि जिन्यानंच पाच मजले परत वर जायचा. सहाला सुटून चांदणी चौकात बसमधून उतरायचा आणि जमेल तिथून चालत घरी यायचा. त्या रस्त्यावर चालणं म्हणजे जिवाशीच खेळ, पण त्याला माझं ऐकायचं नव्हतं.

फेब्रुवारीत तो शहाऐंशीवर आला. साखर उतरली होती. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "एक किलोनं काय होतं?"

"आजी, एकेक किलोनंच एकशे चार झाले होते," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी या."

बाहेर आल्यावर उत्कर्षा म्हणाली, "त्यांना तुझ्या दुकानात ठेवायला पाहिजे होतं." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मी वाकून ऐकलं. पंधरा दिवस मी देवापुढे बसले नाही, कॅलेंडरपुढे बसले.

पंधरा दिवसांनी चौऱ्याऐंशी किलो सहाशे. डॉक्टरीणबाईंनी सही केली. कागदपत्रं, परवानगी देणाऱ्या कमिटीसमोरचे प्रश्न, सगळं होऊन मार्चच्या शेवटच्या मंगळवारी दोघांना एकाच वेळी आत नेलं. शुभंकर साडेसात वाजता गेला, उत्कर्षा त्याच्यामागून. मी, जावई आणि दीपमाला बाकावर बसलो. कोंडीराममामा येऊन आमच्याशेजारी तासभर बसले आणि टेकडीला जायचं म्हणून उठून गेले.

अडीच वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी मास्क खाली केला. "किडनी बसवली. टाके घालायच्या आधीच लघवी सुरू झाली. टेबलावरच."

जावई एकदम रडायला लागले. मी विचारलं, "आणि शुभंकर?"

"तो जागा होतोय. पहिलाच प्रश्न विचारलाय त्यानं. तुम्हीच जाऊन सांगा."

मला टोपी आणि झगा घालून आत नेलं. तो अर्धवट शुद्धीत होता, ओठ कोरडे. माझ्याकडे पाहून म्हणाला, "झाली का सुरू?"

"झाली," मी म्हटलं. "धो धो."

त्यानं डोळे मिटले.