लंकाबाईंवर वाजलेली घंटा

अंबडच्या चिवड्याच्या कारखान्यात घंटा टांगली, तेव्हा मालकीण लंकाबाई सुनेला म्हणाल्या, "काय गं वेदिका, चिवड्याची आरती करायची का आता?"

वेदिका नुकतीच कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आली होती. "आई, माल बिघडला की आपल्याला शेवटी कळतं. मग पाकिटं फाडा, चिवडा गुरांना घाला. आता जिला चूक दिसेल तिनं घंटा वाजवायची, काम तिथंच थांबवायचं. चूक कुणाचीही असो."

"कुणाचीही!" लंकाबाई ठसक्यात म्हणाल्या. आपलीही चूक होते, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मीठ-मसाला कालवायचं काम त्यांचंच. परातीत दुसरीचा हात खपायचा नाही.

त्या दिवशी द्वारका चौकातल्या दुकानाची ऑर्डर होती. पोहे फुलत होते, शेंगदाणे तडतडत होते. लंकाबाईंचे हात परातीत अन् तोंड वणीच्या बहिणीशी फोनवर. तेवढ्यात घंटा घणाणली!

भट्टी बंद झाली. पाकिटं भरणारी साळूबाई दोर धरून उभी, घामाघूम.

"कुणावर वाजवलीस गं?"

"तुमच्यावर, आक्का. चिवडा खारट झालाय."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. लंकाबाईंच्या अंगाची लाही झाली, शिवी अगदी ओठावर आली. पण पोरींचे चेहरे दिसले अन् त्या थबकल्या. आता साळूवर खेकसलं की घंटा मेलीच. उद्या पोहे जळाले तरी कुणी दोराला हात लावायची नाही.

त्यांनी चिमूटभर चिवडा तोंडात टाकला. मीठच मीठ!

"साळे, तुला कधी कळलं?"

"पहिल्याच पाकिटाला."

"अन् वाजवलीस आत्ता? अगं भवाने, पहिलं पाकीट माझ्या नावावर, पण हा बाकीचा ढीग तुझ्या भित्रेपणाचा!"

"तुम्ही ओरडता म्हणून भ्याले."

"ओरडणारच! पण आजपासून घंटा न वाजवणारीवर."

कुणीतरी फिसकन हसलं अन् सगळा कारखानाच हसायला लागला.

"परातीतला वाचेल," लंकाबाईंनी पदर खोचला. "बिनमिठाचे पोहे ओता त्यात!"

वेदिका मसाल्याच्या टेबलाशी गेली. मीठ अन् पिठीसाखर, दोन्ही सारख्याच स्टीलच्या डब्यांत. परातीत मिठानंतर साखरेऐवजीही मीठच पडलं होतं. जोडीचे डबे हौसेनं कुणी आणले, ते सगळ्यांना ठाऊक होतं. सून तोंड उघडणार तोच लंकाबाई कडाडल्या, "बघत काय बसलीस? मीठ चिनी मातीच्या बरणीत घाल. डोळे मिटले तरी हाताला कळलं पाहिजे!"

भट्टी पुन्हा धडधडली. टेम्पोवाला निवृत्ती आला, तेव्हा ताजी पाकिटं दारात रचली जात होती.

"आक्का, मघाशी घंटा वाजली म्हणे. कसली?"

"माझ्यावर वाजली," लंकाबाई मान ताठ करून म्हणाल्या. "कारखान्यातली पहिली घंटा. पहिला मान दुसऱ्या कुणाला मिळेल होय?"