भुकटीमावशीचं उत्तर

माझी धाकटी बहीण रसायनशास्त्रातली संशोधक. तिने कुठलाही वास कधी थेट घेतला नाही. प्रयोगशाळेची सवय: बाटली लांब धरायची आणि हाताने वारा घालून वास हळूच आपल्याकडे ओढायचा. माझ्या आमटीलाही तीच वागणूक मिळायची. माझ्या लेकीने ते बरोबर उचललं. दवाखान्यात नर्सने औषध पुढे केलं की ही आधी हात हलवायची, मग मोठ्या प्राध्यापकासारखी मान हलवून नको म्हणायची.

लेकीला रक्ताचं दुखणं आहे हे कळलं, तेव्हा बहिणीने आपला विषयच बदलला. त्या दुखण्यावर चालेल असं एक पांढरं औषध ती घडवत बसली. लेक तिला भुकटीमावशी म्हणू लागली. काचेच्या नळीत भुकटी गुणाने वागली. पण माणसांवर चाचणी घ्यायची वेळ आली आणि अनुदान आटलं. त्याच हिवाळ्यात लेक गेली.

बहिणीने पांढरा कोट उतरवला आणि आजारी मुलांसाठी देणग्या गोळा करणाऱ्या एका संस्थेत रुजू झाली. काका म्हणाले, एवढं शिकून शेवटी झोळीच धरली. ती म्हणाली, झोळी रिकामी म्हणूनच भुकटी बाटलीत पडून आहे.

परवा एका कारखानदाराकडे जायचं होतं. त्याने मनावर घेतलं तर चाचणी सुरू होणार होती. आई सोबत असली की देणाऱ्याचा हात सैल सुटतो, असं तिच्या साहेबांचं मत, म्हणून मी.

माणूस भला होता. त्याने कॉफी मागवली, लेकीचा फोटो दोन्ही हातांनी धरला. मग बहिणीला विचारलं, "हे औषध वेळेवर मिळालं असतं, तर ही वाचली असती?"

लेक गेल्यापासून हा प्रश्न रोज आमच्यात जेवायला बसायचा. आम्ही दोघींनी त्याला कधी वाढलं नव्हतं.

बहीण फोटोकडे बघत राहिली. "माहीत नाही," ती म्हणाली. "चाचणी झाली की कळेल. तेवढ्यासाठीच आलेय."

विचार करून कळवतो, म्हणाला. फोटो जपून परत दिला. कळवतो म्हणजे काय, ते मलाही कळतं.

जिन्यात ती मटकन पायरीवर बसली.

"एक 'हो' म्हणायचं होतं, ताई. साहेबांनी पढवून पाठवलं होतं."

"मला ते खरं वाटलं असतं गं," मी म्हटलं. "मग पुढे मी काय करायचं होतं?"

अशा भेटींना ती लेकीची लोकरीची टोपी बरोबर ठेवते. पर्समधून ती काढली, लांब धरली, सवयीने हात हलवला. थोडं थांबली. मग टोपी सरळ तोंडावर दाबली.

"येतो का गं अजून वास?" मी विचारलं.

"साबणाचा," ती म्हणाली.

टोपी मीच धुऊन दिली होती.