प्रश्नाखालचं टिंब

माझ्या जन्माच्याही आधी एक नवस बोलला गेला होता. घरातली लेक तेव्हा चार वर्षांची, तापानं फणफणलेली. आईनं तिच्या उशाशी बसून देवाला सांगितलं, "हिला उठव. आठवड्यातला एक दिवस मी सूर्य मावळेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही." लेक उठली, आणि अशी बोलकी निघाली की बाबा म्हणायचे, "एकीनं सोडलेले शब्द दुसरीनं उचलले."

मी त्या घरातली पाठकोरी वही. आता थकलेय. शिवण उसवलीय, कोपरे मुडपलेत. तरी ऐकणार असाल तर सांगते.

मी दुकानातून आलेली नाही. लेकीला परदेशी जाऊन कृत्रिम हातपाय बनवायचं, ते बसवून माणसाला चालतं करायचं शिक्षण घ्यायचं होतं. म्हणून मायलेकी एका शिक्षण मेळाव्याला गेल्या. एका दिवसात बेचाळीस टेबलं पालथी घातली, खांदे उतरेपर्यंत पत्रकं गोळा केली. घरी आल्यावर कोण काय म्हणालं, हे दोघींनाही आठवेना.

"पहिल्या वर्षापासून रुग्ण बघायला मिळतात म्हणाला, तो टकलू की तो हसरा?" लेक विचारी.

आईला आपले पाय दुखल्याचं तेवढं आठवत होतं.

एवढा कागद रद्दीत घालवेना. आईनं एका बाजूनं कोरी पत्रकं निवडली, जाड दोऱ्यानं शिवली, आणि मी झाले. एका अंगावर हिरवळीवर हसणारी मुलं, दुसरं अंग रिकामं. वर्षभर मी वाणसामान आणि इस्त्रीच्या कपड्यांचे आकडे सोसले.

पुढचा मेळावा नेमका मौनाच्या दिवशी आला.

"आई, आज एक दिवस बोल ना गं. देव काय हजेरी घेतोय?"

आईनं नकारार्थी मान हलवली. आदल्या दिवशी दोघींनी बसून पाचच टेबलं निवडली होती. प्रत्येकासाठी माझं एक पान, पानावर तीन प्रश्न. शिकवणार कोण? रुग्णांवर काम कधीपासून? आणि परत आल्यावर इथे काम करायचा परवाना मिळेल का? तिसऱ्याखाली आईनं दोन रेघा ओढल्या होत्या.

पहिल्याच टेबलावरचा टायवाला गोड होता. "काकू, डोळे झाकून पाठवा! परवाना? अहो, सगळीकडे चालतं आपलं. आज सही केली तर जागा पक्की, उद्याचं मी नाही सांगत."

लेकीनं फॉर्म भरलासुद्धा. सही तेवढी राहिली. तेवढ्यात आईनं मला पुढं सरकवलं आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.

"हे काय?"

"तिचं मौन आहे," लेक ओशाळून म्हणाली. "लिहून द्या म्हणतेय."

"लिहायचं काय त्यात? शब्द देतोय ना मी!"

आईनं तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं. त्यानं पेन्सिल टेकवली. मला तिचं टोक लागलं, हाताचा घामही लागला. मग तो उठला. "मॅडमना विचारून येतो हं." तो काही परत आला नाही. प्रश्नाखाली एक टिंब राहिलं.

"तुझ्या मौनापायी माझी जागा जाणार!" लेक भर गर्दीत म्हणाली. आईचे डोळे भरले, ओठ मात्र मिटलेलेच. भरलेला फॉर्म लेकीनं बिनसहीचा पिशवीत कोंबला.

चौथ्या टेबलावर एक शिक्षिका होत्या, टेबलाखाली चपला काढून बसलेल्या, बोलून बोलून घसा बसलेल्या. माझं पान बघून त्या हसल्या. "बरं झालं बाई, मलाही बोलवत नाहीये." आणि त्यांनी लिहिलं: 'नाही. परतल्यावर इथली परीक्षा द्यावी लागेल. कठीण असते. रुग्ण दुसऱ्या वर्षापासून. आमची एक विद्यार्थिनी आता इथेच काम करते, तिला विचारा.' खाली तिचा पत्ता.

लेकीनं ते दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढून बसली आणि त्या दिवसात पहिल्यांदा स्वतःचे प्रश्न विचारू लागली. सही तिनं तिथंही केली नाही. महिनाभर चौकशी केली, परवान्याच्या कचेरीत दोन खेपा घातल्या, त्या विद्यार्थिनीला भेटली. मगच त्या शिक्षिकेच्या विद्यापीठात गेली.

निघायचा दिवसही मौनाचाच. विमानतळावर आईनं माझं शेवटचं पान उघडलं आणि लिहिलं, 'परत येशील ना?'

"येणार गं!" लेक चटकन म्हणाली. आईनं पेन्सिल पुढं केली.

लेकीनं ती टेकवली. मला ते टोक ओळखीचं वाटलं. टिंब उमटलं, हात थांबला. मग तिनं सावकाश लिहिलं, 'माहीत नाही. रविवारी फोन नक्की.'

आईनं मला छातीशी धरलं. रडली, पण हसलीसुद्धा.

आता मी देवघराजवळच्या फळीवर असते. आई अजून आठवड्यातला एक दिवस गप्प राहते, आणि रविवारी फोन वाजतो. माझ्यात जागा उरलेली नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. तुमचं लेकरू परदेशी शिकायला निघालं, तर घरातल्या पाठकोऱ्या कागदांची एक वही शिवा. आधी घरी बसून प्रश्न लिहा. मग मेळाव्यात जाऊन घटकाभर गप्प राहा, आणि पेन्सिल समोरच्याच्या हातात द्या.