रंजूचं रडणं

महानंदानं चिंचोक्यांची पिशवी फरशीवर रिती केली आणि भोवतीच्या पोरांपुढं मूठमूठ चिंचोके सरकवले.

"दहा-दहाचे ढीग लावा. दुसऱ्याचे घ्यायचे न्हाईत."

पोरं माना खाली घालून मोजू लागली. पलीकडच्या भिंतीशी सुरवसे बाई दुसरीच्या मुलांना वाचायला देत होत्या. उमरग्याजवळच्या त्या गावात पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसायची, आणि दोन्हींना मिळून बाई एकच. महानंदानं दाराकडं पाहिलं. व्हरांड्यात कुणी नव्हतं.

महानंदा काही शिक्षिका नव्हती. पहिलीतल्या शिवरंजनीची ती आई. जूनमध्ये रंजू शाळेच्या दारात तिचा पदर धरून असा आकांत करायची, की बाईंनीच सुचवलं, "तुम्ही थोडे दिवस वर्गात बसा. रुळली की जा." सासूबाई, रुद्रम्मा, कुरकुरत हो म्हणाल्या. हायवेला लागून त्यांची खानावळ होती. सकाळपासून ट्रकवाल्यांची ये-जा, आणि भाकऱ्या थापायला महानंदाच.

नागपंचमीपर्यंत रंजू रुळली. मागं आई बसली आहे हेही तिच्या ध्यानात राहीना. पण तोवर महानंदाला फळ्यावर तारीख लिहायची सवय लागली होती. हात धुवायला पोरांची रांग तीच लावायची. कुणाचा 'ळ' उलटा पडला तर बोट धरून गिरवून घ्यायची. गणित सुटलं की पोरं "मावशी, मावशी" करत पाट्या घेऊन आधी तिच्याकडं धावायची. सातवीनंतर तिची स्वतःची शाळा सुटली होती, आणि लग्न झाल्यापासून तिला 'भाकरी आण'शिवाय फारशी हाक कुणी मारली नव्हती.

"रडती का अजून?" घरी रुद्रम्मा विचारायच्या.

"रडती की," महानंदा तव्याकडं बघत म्हणायची.

बाईंनीही तिला 'आता जा' असं कधी म्हटलं नाही.

पण उसाचा हंगाम सुरू झाला, खानावळीत गर्दी वाढली, आणि आज सकाळी रुद्रम्मांनी परातीतला हात काढून ठणकावलं,

"दिवाळी झाली. कवर रडंल एक पोरगी? आज म्याच येऊन बघते. गप बसत असंल, तर उद्यापासून तू हितं, चुलीपाशी."

रंजू उंबऱ्यावर चप्पल घालत होती. महानंदाच्या ओठांवर काहीतरी आलं. पण लेकराला खोटं कसं शिकवायचं? तिनं खाली वाकून रंजूची रिबीन घट्ट बांधली.

आता बाईंनी रंजूला फळ्यापाशी बोलावलं. रंजूनं खडू घेतला, 'बैल' लिहिलं आणि त्याला दोन शिंगंही काढली. वर्ग हसला, रंजूही हसली. तेवढ्यात दारात सावली पडली.

रुद्रम्मा उभ्या होत्या. चालून आल्यानं त्यांना धाप लागली होती.

रंजूनं अज्जीकडं पाहिलं. मग आईकडं. महानंदाचा हात चिंचोक्यांवर तसाच थांबला होता. रंजूनं खडू खाली ठेवला, पोरांच्या पाट्या ओलांडत आली, आईच्या मांडीत तोंड खुपसलं आणि मोठ्यानं गळा काढला.

"बाई, ही तर कधीच..." पुढच्या रांगेतला विरेश म्हणाला.

"तू तुझं पुस्तक वाच," सुरवसे बाई म्हणाल्या.

रुद्रम्मा आत आल्या आणि सुनेशेजारी गुडघे धरत खाली बसल्या. त्यांनी रंजूची हनुवटी वर केली, पदरानं तिचे दोन्ही गाल पुसले आणि पदराचं टोक बोटांत धरून पाहिलं. ते कोरडंच होतं. महानंदानं मान खाली घातली.

तेवढ्यात एक चिमुरडी येऊन तिच्या खांद्याला लोंबकळली. "मावशी, माझे झाले. बघ की."

महानंदा जागची हलेना.

"बघ की तिचं," रुद्रम्मा म्हणाल्या. "लेकरू ताटकळलंय."

महानंदानं ढीग मोजला, एक चिंचोका कमी होता, तो पोरीलाच शोधायला लावला. दुसरा आला, तिसरी आली. बघून लगेच परतायच्या बेतानं आलेल्या रुद्रम्मा भिंतीला टेकून मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत तिथंच बसून राहिल्या. घंटा झाल्यावर पोरं रांगेत उभी राहिली, तेव्हा त्या बाईंना म्हणाल्या, "येते वो, बाई," आणि चालत्या झाल्या.

संध्याकाळी महानंदा रंजूला घेऊन घरी आली, तेव्हा रुद्रम्मा परातीपुढं बसल्या होत्या. तिचा नवरा बसवेश गल्ल्यावरून उठून आला.

"काय झालं, अव्वा? गेलतीस नव्हं शाळेत?"

"गेलते."

"मग? रडती?"

रंजू आईच्या मागं सरकली. रुद्रम्मांनी भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं.

"लई रडती. डोळ्यानं बघितलंय म्या. उद्यापासून भाकरीला शांताक्काला बोलाव."

"आन् हे कुठवर चालायचं?"

रुद्रम्मांनी भाकरी उलटली.

"मला तर वाटतंय," त्या म्हणाल्या, "चौथीपर्यंत रडंल."