सुक्या मासळीची गच्ची

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. काशीरामने ती हौस आधी दुसऱ्यांच्या घरांवर भागवून घेतली होती. मुंबईत एका आर्किटेक्टच्या कचेरीत तो नकाशे काढायचा. शहर तेव्हा कुर्ला-चेंबूरकडे हातपाय पसरत होतं आणि रोज नव्या सपाट छपरांच्या, सरळ रेघांच्या इमारती त्याच्या टेबलावर उभ्या राहत. साहेब म्हणत, ज्याचा उपयोग नाही ते घरात नको, आणि ज्याचा उपयोग आहे ते लपवायचं नाही. लोक गुरूकडून मंत्र घेतात, तसं काशीरामने हे वाक्य घेतलं.

त्याची आई जानकी समुद्रकाठी तोंडवलीला एकटी राहायची. नवरा गेल्यापासून बांगडे खारवून, वाळूत सुकवून, बाजारात विकून तिने मुलाला शिकवलं होतं. वाळूतली मासळी दाताखाली करकरायची, म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडायचं. कावळे आणि कुत्री हाकण्यात जानकीचे दिवस जायचे. सत्तावन्न साली हातात चार पैसे आले, तेव्हा काशीरामने झावळ्यांची खोपटी उतरवली आणि आईसाठी घर काढलं, तेही असं की गावाने तोंडात बोटं घालावीत. चौकोनी घर, कोपऱ्यात समुद्राकडची मोठी खिडकी, दारावर खांबाशिवायचा पातळ छज्जा, बाहेरून जिना आणि वर सपाट स्लॅबची गच्ची, सगळी मासळीसाठी. मिठाचं पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार आणि एक पन्हळ.

शेजारचा भिकाजी त्या बिनकौलाच्या छपराकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काड्यांची पेटी बरी आसा रे. पण नळे घालूचे इसारलंस काय?"

काशीराम हसला. पहिल्या दिवशी जानकीने गच्चीवर बांगडे पसरले, संध्याकाळी एक उचलून बोट फिरवलं आणि खाली हाक मारली, "वाळूचो कण नाय रे झिला!" त्या क्षणी काशीरामला वाटलं, मुंबईतल्या कुठल्याही साहेबाने याहून बरं घर बांधलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर नव्हतंच बांधलेलं. पुढे आवाठातल्या, आजूबाजूच्या घरांतल्या बायकाही आपली मासळी तिथेच आणू लागल्या. जानकी कुणाला नाही म्हणाली नाही.

साहेबांच्या पुस्तकांत ऊन होतं, पाऊस होता, वारा होता. खारवलेला बांगडा नव्हता. काही वर्षांनी खोलीच्या छताला तांबूस डाग पडले. मग एका मे महिन्यात गिलाव्याचं भाकरीएवढं ढेपूळ जानकीच्या अंथरुणाशेजारी पडलं. निरोप मिळताच काशीराम आला. त्याने हातोडीने छत ठोकून पाहिलं. जिथे ठोकावं तिथे पोकळ वाजत होतं. आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या आणि फुगून स्लॅब फोडत होत्या. उतार दिला होता, पन्हळ दिली होती, तरी थोडं थोडं मिठाचं पाणी सिमेंटात मुरलं होतं. यावर इलाज नाही, हे त्याला तिथेच कळून चुकलं.

तो जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसला. जानकी समोर उभी होती.

"मीठ लागला गो आये," तो म्हणाला. "आत मुरलेला मीठ भायर काढूक इला आसता, तर घर वाचला आसता."

माणूस हताश झाला की असं काहीबाही बोलतो. त्याने आईचं अंथरूण घरामागच्या मांगरात, सरपणाच्या खोपीत हलवलं. पावसाळ्यानंतर येऊन स्लॅब उतरवायचा आणि आईला जामसंड्याला आपल्या बहिणीकडे, सुगंधाकडे, पोचवायचं असं ठरवलं आणि तो मुंबईला परतला.

दिवाळी झाल्यावर तो आला, तर जानकी मांगरात नव्हती. गच्चीवरून तिचा खोकला ऐकू आला. तो वर गेला. एकही मासा नव्हता. सगळ्या गच्चीवर बोटभर पाणी साचलेलं होतं आणि पन्हळीच्या तोंडात फडक्याचा बोळा घट्ट बसवला होता. जानकी विहिरीवरून आणलेली कळशी ओतत होती.

"आये, ह्या काय?"

"मीठ काढतंय," ती म्हणाली. मुलाला एवढं साधं कळू नये याचं तिला नवल वाटलेलं दिसलं. "खारो बांगडो पाण्यात भिजत घातलो काय मीठ सोडता मा? मगे घर कित्याक नाय सोडूचा? पावसाचा पाणी वरच्यावर धावता, ता मुरणा नाय. तू गेलंस त्या दिसापासून मी रोज बावीचा पाणी भरतंय. सकाळी बोळो काढतंय, परत भरतंय."

काशीरामने तिच्या हातातल्या कळशीकडे पाहिलं. ज्या पाण्याने सळया गंजतात, ते पाणी ही म्हातारी रोज डोक्यावरून आणून त्यांना पाजत होती. आणि हे तिला सांगितलं कुणी? त्यानेच.

"आये..."

"थांब, दाखयतंय." तिने बोळा काढला, पन्हळीखाली ओंजळ धरली आणि ती त्याच्यापुढे केली. "पयल्यान दर्यासारख्या खारा लागा. आता चाखून बघ."

त्याने चाखलं. पाणी खारं नव्हतं. जिभेवर नुसता गंज होता.

"गोडा मा?" जानकीने विचारलं. तिच्या कपाळाला चुंबळीने काळा वळ पडला होता, आणि चेहरा मात्र असा उजळला होता की काशीरामला तिच्याकडे बघवेना. सुगंधाकडे जायचं, उद्या स्लॅब उतरवायला गडी येणार, हे सगळं त्याच्या तोंडाशी आलं होतं.

"गोडा आसा," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

"रडतंस कित्याक रे? वाचला आता," जानकी म्हणाली. तिने बोळा परत घट्ट बसवला, रिकामी कळशी उचलली आणि ती बावीकडे निघाली.